समुद्रावरची गर्दी तिकीट काढतानाच ठरते

क्रूझला जावेसे वाटते, पण हजारो माणसांत कोंडून घ्यायचे नाही, असे म्हणणाऱ्यांना बहुधा एकच सल्ला मिळतो: मोठे जहाज टाळा, छोटे घ्या. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. काही अवाढव्य जहाजांवर माणसे मोकळेपणाने वावरतात, तर काही मध्यम आकाराच्या जहाजांवर न्याहारीच्या टेबलासाठी ताटकळावे लागते. शिवाय जहाजावर फारशी न जाणवलेली गर्दी किनाऱ्यावर उतरल्यावर अंगावर येते, कारण त्या दिवशी त्याच गावात आणखी तीन जहाजे लागलेली असतात.

म्हणजे प्रश्न एक दिसला तरी गर्द्या दोन आहेत. एक जहाजावरची, दुसरी बंदरातली. जहाजावरची गर्दी बरीचशी पैशाने कमी होते, बंदरातली माहितीने कमी होते आणि तारीख नीट निवडली तर दोन्ही कमी होतात. पैसा प्रत्येकाकडे सारखा नसतो. माहिती आणि तारीख मात्र बहुतेकांच्या आवाक्यातली आहे. ही निवड तिकीट काढण्यापूर्वीच करावी लागते. एकदा जहाज सुटले की प्रवाशाच्या हातात जेवणाची वेळ बदलण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

माणशी जागा किती?

जहाजाचा आकार ग्रॉस टनेजमध्ये सांगतात. हे वजन नव्हे. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचे ते माप आहे. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी जागेचा अंदाज येतो. प्रवासी मोजताना दर खोलीत दोन माणसे धरतात. जहाजाचे टनेज आणि प्रवासीसंख्या सहज मिळते, त्यामुळे हा भागाकार घरबसल्या करता येतो. उत्तर तिशीच्या आसपास आले तर दाटी, चाळिशीत आले तर बरे, पन्नाशीच्या पुढे गेले तर ऐसपैस, असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही.

जानेवारी 2024 मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ 2,48,663 टनांचे आहे. खोलीत दोन या हिशेबाने त्यावर 5,610 प्रवासी मावतात, म्हणजे भागाकार 44 येतो. न्यूयॉर्क आणि साउदम्प्टन यांच्यामध्ये अटलांटिक ओलांडणारे ‘क्वीन मेरी 2’ सुमारे 1,49,000 टनांचे, प्रवासी 2,691, उत्तर 55. ‘वायकिंग’ कंपनीची बरीच सागरी जहाजे 47,800 टनांची आणि 930 प्रवाशांची आहेत, उत्तर 51. ‘सिल्व्हर नोव्हा’ 54,700 टन आणि 728 प्रवासी, म्हणजे थेट 75. दुसऱ्या टोकाला कार्निव्हलचे ‘मार्दी ग्रा’ आहे: सुमारे 1,81,000 टन, सुमारे 5,300 प्रवासी, उत्तर 34. मुंबईहून सुटणारे कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ 48,563 टनांचे असून प्रवासी सुमारे 1,600 आहेत; उत्तर 30. ‘एम्प्रेस’ आणि वायकिंगचे जहाज आकाराने जवळजवळ सारखी आहेत. फरक आहे तो त्यात किती माणसे बसवली याचा. ‘छोटे घ्या’ हा सल्ला इथे अपुरा पडतो.

या आकड्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. बंदिस्त जागेत इंजिनाची खोली, स्वयंपाकघर आणि प्रवाशांच्या खोल्याही मोजल्या जातात. महागड्या जहाजांवर खोल्याच प्रशस्त असतात, त्यामुळे भागाकार मोठा येतो. पण गर्दी खोलीत होत नाही. ती लिफ्टपाशी, दुपारच्या बुफेत, नाटकाचा खेळ सुटल्यावर जिन्यावर आणि दिवसभर समुद्रातच असलेल्या दिवशी पोहण्याच्या तलावाभोवती होते. मोठ्या जहाजांचे आराखडे करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. ‘आयकॉन’ आठ वेगवेगळ्या मोहल्ल्यांत विभागले आहे ते याचसाठी: लहान मुलांचे कुटुंब एकीकडे, रात्री जागणारे दुसरीकडे. सुरक्षेची कवायत हेही पूर्वी गर्दीचे ठिकाण होते. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाल्यानंतर जहाज सुटण्याआधीच सगळ्यांची कवायत घेणे सक्तीचे झाले आणि हजारो माणसे एकाच वेळी डेकवर उभी राहू लागली. 2020 नंतर अनेक कंपन्यांनी सूचना मोबाइलवर ऐकवून ठरलेल्या जागी फक्त हजेरी लावण्याची पद्धत आणली आणि ती गर्दी विरळ झाली.

शंभर टक्क्यांच्या पुढे

भागाकारात आणखी एक खाच आहे. हिशेब खोलीत दोघांचा, पण अनेक खोल्यांत तिसरी-चौथी झोपण्याची सोय असते. त्यामुळे जहाज शंभर टक्क्यांहून जास्त भरू शकते. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने 2024 साठी दिलेला भरणा 108 टक्क्यांच्या वर होता. हा वर्षभराचा सरासरी आकडा आहे. तिसऱ्या-चौथ्या पलंगावर कोण झोपते? मुले. आणि मुले येतात शाळेच्या सुटीत. म्हणून सरासरी 108 असली तरी शांत आठवड्यात भरणा कमी असतो आणि सुटीच्या आठवड्यात बराच वर जातो.

‘आयकॉन’ची कमाल क्षमता 7,600 आहे. तेवढी माणसे चढली तर 44 चा भागाकार 33 वर उतरतो. जहाज तेच, तिकिटावरचे नाव तेच, आणि तरीही माणशी जागा पाव हिश्श्याने कमी. जहाज निवडताना आपण जेवढा खल करतो तेवढा तारखेवर करत नाही, ही खरी चूक आहे.

सुटी कोणाची?

तारीख ठरवताना आपली सुटी पाहून भागत नाही. जहाज जिथून सुटते तिथल्या शाळांना सुटी कधी आहे हे पाहावे लागते, कारण बहुतेक प्रवासी त्याच भागातून येतात. अमेरिकेहून कॅरिबियनला जाणाऱ्या जहाजांवर नाताळ-नववर्ष, फेब्रुवारीच्या मध्यातला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा, मार्चपासून ईस्टरपर्यंतची वसंताची सुटी आणि जून ते ऑगस्ट हे दाटीचे काळ असतात. भूमध्य समुद्रात जुलै-ऑगस्ट टाळावेत. ऑगस्टमध्ये अख्खी इटली आणि फ्रान्स सुटीवर असतात. सिंगापूरच्या शाळांना जून महिना आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत मोठी सुटी असते, त्यात चिनी नववर्षाची भर.

इथे मराठी कुटुंबाला एक फायदा आहे आणि तो फारसा कुणी घेत नाही. आपली मोठी सुटी एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत असते. अमेरिकेतल्या शाळा मेअखेर ते जूनअखेर या काळात बंद होतात. अलास्काचा क्रूझ हंगाम एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला सुरू होतो. म्हणजे मेचे पहिले तीन आठवडे आपल्याला सुटीचे आणि अमेरिकनांना कामाचे असतात. त्या वेळी अलास्काच्या डोंगरांवर बर्फ शिल्लक असते, काही उंचावरच्या पायवाटा उघडलेल्या नसतात, पण पाऊस शरद ऋतूपेक्षा कमी असतो. व्हिसाची तयारी बऱ्याच आधी करावी लागते, एवढीच अडचण.

दिवाळीचेही तसेच. दिवाळीची सुटी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. भूमध्य समुद्रातला हंगाम तेव्हा ओसरलेला असतो आणि कॅरिबियनमध्ये नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या आधीचा काळ शांत असतो. त्याची किंमत हवामानाने मोजावी लागते. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरतात. जहाज वादळात शिरत नाही, ते मार्ग बदलते. म्हणून ठरलेले बेट हुकण्याची तयारी ठेवावी. मात्र हीच दिवाळी सिंगापूरहून किंवा मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर घालवायची असेल, तर निम्मे शेजारी आपल्यासारखेच निघालेले भेटतील.

मुलांकडे अमेरिकेला जाऊन राहणाऱ्या आजी-आजोबांची गोष्ट आणखी निराळी. नातवंडांबरोबर जायचे म्हणून क्रूझ जुलैत किंवा नाताळात ठरते, म्हणजे नेमकी सर्वांत महाग आणि सर्वांत भरलेली. नातवंडांबरोबर राहणे हाच हेतू असेल तर प्रश्न मिटला. पण दोघांनीच जायचे असेल तर सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे तिथला लेबर डे, उलटून जाऊ द्यावा. शाळा सुरू झालेल्या असतात, जहाजावरची मुले गायब होतात आणि दरही बहुधा उतरतात.

सफर किती दिवसांची आहे यावरही गर्दीची जात ठरते. शुक्रवारी सुटून सोमवारी परतणाऱ्या तीन रात्रींच्या सफरीत लोक मौजमजेसाठी येतात. सगळ्यांना सगळे तीन दिवसांत उरकायचे असते. तेच जहाज सोमवारी सुटून चार रात्रींसाठी जाते तेव्हा थोडे निवांत असते. दहा-बारा रात्रींच्या पुढे नोकरदार आणि शाळकरी मुले गळतात. एप्रिलमध्ये कॅरिबियनमधून युरोपकडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उलट दिशेने जहाजे हंगाम बदलायला निघतात. त्या सफरींत सलग सहा-सात दिवस नुसते पाणी असते, बंदरे मोजकी असतात. पुस्तक वाचत बसणाऱ्याला त्याहून चांगले काही नाही. किनारे पाहायला निघालेल्याला त्याहून कंटाळवाणे काही नाही.

बंदरातली गर्दी

जहाज कितीही ऐसपैस असले तरी ते आपले प्रवासी सकाळी आठ-नऊच्या सुमारास एकदम गावात सोडते. गाव लहान असेल तर तिथली अवस्था संध्याकाळच्या दादरच्या पुलासारखी होते. अलास्काची राजधानी जुनो सुमारे 32,000 वस्तीची. तिथे 2024 पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा आहे. शहर आणि क्रूझ कंपन्यांच्या संघटनेत झालेल्या करारानुसार 2026 पासून रविवार ते शुक्रवार दिवसाला 16,000 आणि शनिवारी 12,000 खाटांची कमाल मर्यादा ठरली. मर्यादा घालूनही गावाच्या निम्म्या लोकसंख्येइतके पाहुणे एका दिवसात येऊ शकतात, यावरून आधीच्या स्थितीची कल्पना यावी. त्याच किनाऱ्यावरच्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात मात्र दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. ज्या सफरीत हे उद्यान आहे, तिथला तो एक दिवस तरी निवांत जाणार हे नक्की.

युरोपात अशा मर्यादा गेल्या काही वर्षांत वेगाने आल्या. दुब्रोव्हनिकच्या तटबंदीआतल्या जुन्या शहरासाठी एका वेळी दोन जहाजांची मर्यादा ठरली. व्हेनिसने 1 ऑगस्ट 2021 पासून 25,000 टनांहून मोठ्या जहाजांना जुउदेक्का कालव्यातून जायला बंदी केली. 2024 मध्ये ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर पाच युरोंचे शुल्कही लावले. मायोर्काच्या पाल्मा बंदराने 2022 पासून दिवसाला तीन जहाजे आणि त्यांपैकी एकच 5,000 हून अधिक प्रवाशांचे, असा नियम केला. सँटोरिनीने 2025 पासून दिवसाला 8,000 क्रूझ प्रवासी ही मर्यादा घातली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून ग्रीसने तिथे व मिकोनोसला उतरणाऱ्यांवर हंगामात माणशी 20 युरोंचा आकार सुरू केला. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बर गावात नागरिकांनी 2022 मध्ये मतदान करून दिवसाला 1,000 क्रूझ प्रवासी पुरेत असे ठरवले.

हे नियम प्रवाशाच्या फायद्याचे आहेत. पण त्यांचा दुसरा परिणामही ध्यानात घ्यावा. जहाजे नाहीशी होत नाहीत, ती शेजारच्या बंदराला लागतात. व्हेनिसचे नाव लावलेली मोठ्या जहाजांची सफर प्रत्यक्षात मार्गेराच्या औद्योगिक बंदरातून, ट्रिएस्तेहून किंवा राव्हेन्नाहून सुटू शकते. राव्हेन्नाहून व्हेनिसला बसने दोन तासांहून जास्त लागतात. रोमचे बंदर म्हणून दाखवलेले चिव्हितावेक्किया शहरापासून सुमारे 80 किलोमीटरवर आहे. इतक्या दुरून शहर गाठायचे म्हणजे सगळ्या जहाजांच्या बसगाड्या एकाच वेळी, ऐन दुपारी तिथे पोहोचतात. सफरपत्रिकेत गावाचे नाव वाचून थांबू नये; बंदराचे नाव वाचावे.

जहाज धक्क्याला लागते की नांगर टाकून दूर उभे राहते, हाही कळीचा मुद्दा. सँटोरिनीला मोठी जहाजे समुद्रात उभी राहतात, प्रवासी छोट्या बोटींनी जुन्या बंदरावर येतात आणि तिथून उंच कड्यावरच्या फिरा गावात जायला केबलकार, जवळपास सहाशे पायऱ्या किंवा गाढव. चार जहाजे आली तर चारही जहाजांची माणसे त्याच केबलकारच्या रांगेत. रांग सकाळी चढताना लागते आणि दुपारी परतताना त्याहून मोठी लागते.

यावर उपाय साधा आहे. बंदरांची वेळापत्रके महिनोन् महिने आधी जाहीर झालेली असतात. बंदर प्राधिकरणांच्या संकेतस्थळांवर किंवा ‘क्रूझमॅपर’सारख्या ठिकाणी अमुक तारखेला अमुक गावात कोणती जहाजे असतील हे दिसते. त्यांच्या प्रवासीसंख्यांची बेरीज करावी आणि गावाच्या लोकसंख्येशी ताडून पाहावी. एकाच मार्गावरच्या दोन तारखांत कधी कधी दुपटीचा फरक निघतो. मुक्कामाची वेळही बघावी. बहुतेक जहाजे संध्याकाळी पाच-सहाला सुटतात. ज्या सफरीत जहाज रात्री उशिरापर्यंत किंवा रात्रभर बंदरात थांबते, तिथे गावाचा सर्वांत चांगला वेळ आपल्या वाट्याला येतो. आणि एखाद्या बंदरात पाच जहाजे असतील तर त्या दिवशी न उतरणे हाही मार्ग आहे. सगळे किनाऱ्यावर गेलेले असताना रिकाम्या जहाजावर तलाव, ग्रंथालय आणि जेवणघर जवळजवळ आपलेच असते.

छोट्या जहाजांचे खरे मोल

छोट्या जहाजाचा खरा फायदा बंदरात असतो. व्हेनिसची 25,000 टनांची अट त्यांना आड येत नाही आणि मोठ्यांना न मिळणारे धक्के त्यांना मिळतात. काही ठिकाणी तर नियमच छोट्यांच्या बाजूने आहेत. गॅलापागोस बेटांवर एका जहाजावर कमाल 100 प्रवासी आणि एका वाटाड्यामागे 16 जण, असे बंधन आहे. अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी 100 हून जास्त लोक उतरू शकत नाहीत आणि 500 हून अधिक प्रवासी असलेली जहाजे कुणालाच उतरवत नाहीत. म्हणून अंटार्क्टिकाची स्वस्त सफर दिसली तर आधी प्रवासीसंख्या बघावी. ती पाचशेच्या वर असेल तर पेंग्विन दुरूनच दिसतील. दोनशेचे जहाज असेल तरी निम्म्यांनी पाळी येईपर्यंत वाट बघायची. या सफरींचे दर सामान्य मराठी कुटुंबाच्या हिशेबाबाहेरचे आहेत, हेही स्पष्ट म्हणायला हवे.

त्या मानाने युरोपातल्या नद्या अनेकांना झेपतात. राइन आणि डॅन्यूबवरच्या जलद्वारांमुळे नदीवरचे जहाज साधारण 135 मीटरपेक्षा लांब बांधता येत नाही. प्रवासी बहुधा 190 च्या आसपास. जहाज बऱ्याचदा शहराच्या मध्यावर लागते, बस लागत नाही. पण नदीतही गर्दी असतेच, फक्त तिचे रूप वेगळे. व्हिएन्ना, बुडापेस्टसारख्या ठिकाणी धक्के अपुरे पडले की जहाजे एकमेकांना खेटून बांधतात. मग आपल्या खिडकीतून नदीऐवजी शेजारच्या जहाजाची खिडकी दिसते. डिसेंबरमधल्या नाताळबाजारांच्या काळात हे जास्त. 2018 आणि 2022 च्या कोरड्या उन्हाळ्यांत राइनचे पाणी इतके उतरले होते की काही सफरींचे टप्पे बसने पुरे करावे लागले.

भारतातही हा पर्याय आहे. जानेवारी 2023 मध्ये वाराणसीहून दिब्रुगढला निघालेले ‘गंगा विलास’ 36 प्रवाशांचे आहे. ती सफर 51 दिवसांची आणि सुमारे 3,200 किलोमीटरची होती. अर्थात 36 जणांत ऐसपैस राहण्याचे मोल मोठे आहे.

पैसे थोडे जास्त द्यायची तयारी असेल तर मोठ्या जहाजावरच राखीव कोपरा घेता येतो. एमएससीचा ‘यॉट क्लब’ किंवा नॉर्वेजियनचे ‘द हेवन’ म्हणजे जहाजाच्या आतले वेगळे जहाज: स्वतंत्र तलाव, स्वतंत्र जेवणघर, उतरताना प्राधान्य. मुलांचा गलका नको असणाऱ्यांसाठी 18 वर्षांखालच्यांना प्रवेश नसलेल्या कंपन्या आहेत. वायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस ही ठळक नावे. पण राखीव कोपऱ्यातला प्रवासीही त्याच केबलकारच्या रांगेत उभा राहतो. जहाजावर विकत घेतलेली शांतता किनाऱ्यावर चालत नाही.

मुंबईहून निघताना

कॉर्डेलियाने सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईहून सफरी सुरू केल्या आणि गोवा, लक्षद्वीप, कोची हे मार्ग मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. 2025 मध्ये बॅलार्ड पिअरला नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही उघडले. इथल्या सफरी पावसाळा टाळून चालतात, अवधी बहुधा दोन ते पाच रात्रींचा. जहाजाचा भागाकार वर दिलाच आहे. अशा जहाजावर शांतता हवी तर हातात तारीखच उरते: शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, प्रजासत्ताक दिनाला जोडून येणारी सुटी वगळून मधल्या वारी निघावे आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ पाहावा. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या की कुटुंबे घरी बसतात. लक्षद्वीपला मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटीने उतरावे लागते आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्दही होते, हे धरून चालावे.

टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी: गट किती जणांचा? जहाजावर पाच हजार अनोळखी माणसे असली तरी आपल्याला रोज ज्यांची वाट बघावी लागते ती गटातली चाळीस माणसे. टूर मॅनेजरचा आधार, व्हिसाची सोय, मराठी बोलणारी सोबत यांचे मोल आहेच. पण किनाऱ्यावरची सहल गटाच्या बसनेच करायची की मोकळीक आहे, हे आधी ठरवून घ्यावे.

आधी काय, मग काय

या सगळ्यातून निवडीचा क्रम लागतो. पहिला प्रश्न स्वतःला: जहाज अनुभवायचे आहे की किनारे पाहायचे आहेत? जहाजच मुक्काम असेल तर मोठे जहाज वाईट नाही; भागाकार चाळिशीच्या वर असावा आणि तारीख शाळांच्या सुटीबाहेरची असावी. किनारे पाहायचे असतील तर जहाजाच्या सोयींवर खर्च करण्याऐवजी बंदरांच्या वेळापत्रकावर दोन संध्याकाळी घालवाव्यात आणि परवडेल तेवढे छोटे जहाज घ्यावे. दोन्ही हवे असेल तर मधल्या आकाराचे, हजार ते दोन हजार प्रवाशांचे, आठवड्याहून लांब सफरीचे जहाज बहुधा बरे पडते.

तक्रार करताना आपणही त्या गर्दीतलेच एक आहोत, हे विसरून चालत नाही. जुनोचा किंवा सँटोरिनीचा रहिवासी आपल्याला वेगळा मोजत नाही. म्हणून बंदरांनी घातलेल्या मर्यादा आणि आकार यांना अडथळा म्हणण्यापेक्षा निवडीची खूण मानणे शहाणपणाचे. जिथे मर्यादा आहेत आणि पाळल्या जातात, तिथे थोडे पैसे जास्त गेले तरी जावे. पैशाने जागा विकत घेणारे थोडे असतील. पण मे महिन्यात अलास्का आणि सप्टेंबरात कॅरिबियन निवडायला श्रीमंती लागत नाही. दुसऱ्यांच्या सुट्यांचे कॅलेंडर उघडून बघायची सवय तेवढी लागते.